रेंज फुल, तरी फोन कट! चाकण रोडवर टॉवर बदलताना नेमकं काय होतं?

रात्रीचे साडेअकरा. चाकण एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट सुटलेली, कंपनीची बस कुरुळी, चिंबळी मागे टाकत मोशीकडे निघालेली. खिडकीजवळ बसलेला एक तरुण घरी फोन लावतो. बायकोचे दिवस भरत आलेत, अम्मीला बीपीचा त्रास. "दुखायला लागलंय का? मी निघालोय," एवढं बोलून होतं, पलीकडून "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" ऐकू येतं आणि फोन कट. स्क्रीनवर बघावं तर रेंजच्या चारही काड्या उभ्या. परत लावला तर लागत नाही. पुढची पाच मिनिटं त्या माणसाची कशी जातात, हे ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच कळतं.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या कुठल्याही कामगार घराला हा प्रसंग नवा नाही. आपण कंपनीला शिव्या देतो, हँडसेटला दोष देतो, सिम काढून फडक्याने पुसतो. पण अशा वेळी बहुतेकदा एकच गोष्ट बिघडलेली असते: फोनने एक जोडणी सोडून दुसरी धरायची वेळ चुकलेली असते. ही वेळ कोण ठरवतं, ती का चुकते आणि आपल्या हातात त्यातलं किती आहे, हे आज आम्ही साध्या भाषेत सांगणार आहोत.

टॉवर बदलतो म्हणजे काय होतं?

मोबाइलचा एक टॉवर फार लांबवर पोचत नाही. भोसरीसारख्या दाट वस्तीत काहीशे मीटरवर दुसरा टॉवर लागतो, मोकळ्या शेतात तो दोन-तीन किलोमीटरवर असू शकतो. प्रत्येक टॉवरचा आपला एक इलाका. चाकण ते नाशिक फाटा या वीसेक किलोमीटरच्या प्रवासात तुमचा फोन असे कितीतरी इलाके ओलांडतो. बोलणं न तोडता एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाण्याला 'हँडओव्हर' म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या एमॉस जोएल या इंजिनिअरला चालू कॉल एका इलाक्यातून दुसऱ्यात नेण्याच्या पद्धतीचं पेटंट १९७२ मध्ये मिळालं. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून दिल्लीला. म्हणजे आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा ही युक्ती वीस वर्षांहून जुनी होती. तरी अजून फोन कट होतात, कारण युक्ती माहीत असणं वेगळं आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक गर्दीत ती बरोबर वेळेला वापरणं वेगळं.

बोलणं चालू असताना तुमचा फोन आजूबाजूच्या टॉवरांची ताकद सारखी मोजत असतो. शेजारचा टॉवर जास्त जोरदार वाटला की तो चालू टॉवरला तसं कळवतो. चालू टॉवर शेजारच्याला विचारतो, "एक गिऱ्हाईक पाठवतोय, जागा आहे का?" तो हो म्हणाला की फोनला हुकूम येतो, "आता त्याच्याकडे जा." फोन जुना हात सोडतो, नवा धरतो. सगळं नीट झालं तर पापणी लवायच्या आत होतं आणि तुम्हाला काही कळतही नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बोलणं चालू असताना निर्णय टॉवर घेतो, फोन फक्त माहिती पुरवतो. फोन नुसता खिशात पडलेला असतो तेव्हा मात्र कुठल्या टॉवरवर बसायचं हे तो स्वतःच ठरवतो, तेही नेटवर्कने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे. आणि वायफाय सोडून मोबाइल डेटावर कधी यायचं, हा निर्णय जवळजवळ पूर्णपणे फोनचा असतो. तक्रार करताना, सेटिंग बदलताना हा फरक उपयोगी पडतो.

मग बदलायची बरोबर वेळ कोणती?

वाटेल की यात काय अवघड आहे, जिथे रेंज जास्त तिथे लगेच जावं. पण तसं केलं तर घोटाळा होतो.

रेंज ही नळाच्या पाण्यासारखी एकसारखी धार नसते. बाजूने एक कंटेनर गेला, बस वळली, तुम्ही फोन या कानावरून त्या कानावर नेला तरी ती वरखाली होते. दर वेळी जास्त दिसेल तिकडे उडी मारली तर फोन दोन टॉवरांच्या मध्ये चेंडूसारखा इकडून तिकडे टोलवला जाईल. प्रत्येक उडीत आवाज तुटायचा धोका, बॅटरीही जास्त जाते. म्हणून नेटवर्कमध्ये दोन अटी घातलेल्या असतात. पहिली, नवा टॉवर जुन्यापेक्षा नुसता बरा नाही, ठराविक फरकाने बरा हवा. हा फरक बऱ्याचदा तीन डेसिबलच्या आसपास ठेवतात, आणि तीन डेसिबल म्हणजे जवळजवळ दुप्पट ताकद. दुसरी, हा फरक काही वेळ टिकला पाहिजे, म्हणजे सेकंदाचा काही भाग, साधारण पाव ते पाऊण सेकंद.

आता बसचा हिशोब करा. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. अर्धा सेकंद वाट पाहिली तर बस आठ मीटर पुढे गेलेली असते. मोकळ्या रस्त्यावर आठ मीटरने फरक पडत नाही. पण त्याच आठ मीटरमध्ये बस उड्डाणपुलाच्या आडोशाला गेली किंवा मोठ्या पत्र्याच्या शेडमागे गेली, तर जुन्या टॉवरची रेंज एकदम कोसळते. मग "त्याच्याकडे जा" हा हुकूमच फोनपर्यंत पोचत नाही. याला उशिरा झालेला हँडओव्हर म्हणायचं.

उलटही होतं. अट सैल ठेवली तर फोन घाईने नव्या टॉवरवर जातो, तिथली रेंज अजून कच्ची असते, तिथून पडतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे गर्दी. शिफ्ट सुटताना हजारो लोक एकाच वेळी रस्त्यावर येतात. चाकण चौकात, तळेगाव चौकात ट्रॅफिक तुंबलेलं, प्रत्येक जण घरी फोन लावतोय, कुणी व्हिडिओ बघतोय. शेजारचा टॉवर जोरदार असतो पण त्याच्याकडे जागाच नसते. तो नाही म्हणतो, जुना सुटत चाललेला असतो आणि कॉल मधल्या मध्ये लटकतो.

चार काड्या असूनही फोन कट का होतो, त्याचं उत्तर इथेच आहे. काड्या फक्त सिग्नलची ताकद दाखवतात. टॉवरवर किती गर्दी आहे, दोन टॉवरांचे सिग्नल एकमेकांत किती मिसळताहेत, हे काड्यांना दाखवता येत नाही. शिवाय किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक हँडसेट कंपनी आपापल्या हिशोबाने ठरवते. शेजारी बसलेल्या दोघांच्या फोनवर एकाच सिमच्या वेगवेगळ्या काड्या दिसतात, त्याचं कारण हे.

म्हणून आवाज तुटला की लगेच लाल बटण दाबू नका. जोडणी सुटल्यावर फोन काही क्षण स्वतःहून ती परत जोडायचा प्रयत्न करतो. चार-पाच सेकंद थांबा, बरेचदा आवाज परत येतो. आपणच कट केला तर मात्र सगळं पहिल्यापासून, आणि गर्दीत नव्याने फोन लागणं जास्त कठीण.

५जी, ४जी आणि खाली उतरायची शिडी

एकाच कंपनीच्या आतही फोन थर बदलतो. भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ रोजी. ५जीच्या ज्या लहरी मोठा वेग देतात, त्या ४जीच्या कमी वारंवारतेच्या लहरींपेक्षा लवकर दमतात. भिंत, पत्रा, काँक्रीट यांच्यातून त्या कमी जातात. म्हणून घरात बाल्कनीत ५जी आणि आतल्या खोलीत ४जी, असं दिसतं. काही ठिकाणी डेटा ५जीवर चालतो आणि कॉल आला की फोन ४जीवर उतरतो. हा उतार नीट झाला नाही तर रिंग वाजायला वेळ लागतो, कधी समोरच्याला "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकू येतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना वेगाचं काही काम नसतं, फोन लागला पाहिजे एवढंच हवं असतं. त्यांच्या फोनवर घरात ५जी येत-जात असेल, तर सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क ४जी करून पाहा. शिडी चढ-उतार थांबली की कॉल जास्त स्थिर राहतो, बॅटरीही टिकते.

दुसरा मुद्दा ४जीच्या खालचा. काही कंपन्यांकडे अजून २जी आहे, तिथे ४जी कमी पडलं तर कॉल २जीवर उतरून चालू राहू शकतो. जियो ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालं तेच मुळी फक्त ४जीवर. त्यांच्याकडे उतरायला २जीची पायरी नाही. हा दोष नाही, जाळ्याची रचना आहे. पण घरात दोन सिम घेताना ही गोष्ट ठाऊक असावी.

वायफाय सोडायची वेळ

आपल्या पट्ट्यात आता घरोघरी वायफाय आलंय आणि खरा गोंधळ तिथे जास्त होतो. गल्फमधला भाऊ घरी बोलतोय. तुम्ही बोलत बोलत जिना उतरता, गेटपर्यंत येता. आवाज रोबोटसारखा होतो, मग शांतता. फोनने वायफायचा शेवटचा धागा धरून ठेवलेला असतो. डेटा फुल असतो, पण फोन तिकडे जातच नाही, कारण त्याच्या मते वायफाय अजून 'आहे'.

फोनने वायफाय नेमकं कधी सोडावं याचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे. अॅपलने आपले नियम उघड सांगितलेत. आयफोनला मिळणारी ताकद उणे ७० डीबीएमच्या खाली गेली की तो त्याच नावाचा दुसरा राउटर शोधू लागतो. डेटाची देवाणघेवाण चालू असेल तर नवा राउटर ८ डेसिबलने, आणि नुसता पडून असेल तर १२ डेसिबलने जास्त जोरदार असला, तरच तो उडी मारतो. म्हणजे इथेही तेच तत्त्व: फरक ठोस असल्याशिवाय हलायचं नाही.

यातून घरासाठी एक साधी गोष्ट निघते. दुमजली घरात दोन राउटर किंवा एक्स्टेंडर असतील तर दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच ठेवा. 'खालचं' आणि 'वरचं' अशी दोन नावं दिली तर पहिलं पार मरेपर्यंत फोन दुसरीकडे जात नाही.

वायफायवरून मोबाइल टॉवरवर जाताना कॉल टिकणं हे कॉल कुठल्या प्रकारचा यावर आहे. साध्या नंबरवरचा कॉल वायफाय कॉलिंगने चालू असेल, तर तो कंपनीच्याच यंत्रणेतून जातो. त्यामुळे बाहेर पडल्यावर तो ४जीवर न तुटता जाऊ शकतो. त्यासाठी हँडसेटमध्ये वायफाय कॉलिंग आणि ४जी कॉलिंग दोन्ही चालू हवीत. व्हॉट्सअॅप कॉलचं तसं नाही. वायफाय सुटलं की फोनचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलतो आणि अॅपला नव्या पत्त्यावरून परत जोडून घ्यावं लागतं. म्हणून तिथे "रिकनेक्टिंग" दिसतं. घराबाहेर पडायच्या आधी स्वतःच वायफाय बंद करा आणि मग बोला, हा यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय.

दुकानदार मंडळींनी हे पैशाच्या बाबतीतही लक्षात ठेवावं. यूपीआय करताना मधेच वायफाय सुटलं तर स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. याचा अर्थ पैसे गेले नाहीत असा होत नाही. व्यवहार बँकांमध्ये पूर्ण झालेला असू शकतो, फक्त उत्तर तुमच्या फोनपर्यंत आलेलं नसतं. इफ्तारच्या गडबडीत फळांच्या गाडीवर दुसऱ्यांदा स्कॅन करण्याआधी बँकेचा मेसेज किंवा व्यवहारांची यादी बघा.

पत्रा, लिफ्ट आणि फ्लाइट मोड

पत्र्याचं शेड रेडिओ लहरी अडवतं. शेडच्या आत, दोन रॅकच्या मध्ये फोन जवळजवळ बहिरा होतो. लिफ्टचंही तसंच. दार मिटलं की रेंज हळूहळू नाही, एकदम जाते, त्यामुळे टॉवर बदलायला वेळच मिळत नाही. पिंपरीहून स्वारगेटला जाणारी मेट्रो शिवाजीनगरच्या आधी जमिनीखाली उतरते, तिथेही बाहेरच्या टॉवरचा उपयोग नसतो, आत वेगळे अँटेना लावावे लागतात. अशा जागी शिरण्याआधी महत्त्वाचं बोलणं संपवावं किंवा बाहेर थांबून पूर्ण करावं.

मशिदीत बरेच जण फोन फ्लाइट मोडवर टाकतात. नमाजीत व्यत्यय नको, ही भावना योग्यच. पण फ्लाइट मोड काढल्यावर फोनला पुन्हा टॉवर शोधून नाव नोंदवावं लागतं, आणि तोवर आलेले कॉल तुम्हाला कळलेले नसतात. तरावीहला तास-दीड तास जातो. घरात आजारी माणूस किंवा गरोदर बाई असेल तर फ्लाइट मोडऐवजी फोन सायलेंट करून खिशात ठेवणं बरं. सलाम फेरल्यावर एकदा स्क्रीन बघितली की झालं.

एका कंपनीची रेंज गेली तर फोन दुसरीकडे जातो का?

हा मोठा गैरसमज आहे. तुमचं सिम ज्या कंपनीचं, फोन साधारणपणे तिच्याच टॉवरांमध्ये फिरतो. शेजारी दुसऱ्या कंपनीचा टॉवर दणदणीत असला तरी तो तुमच्या कॉलला दार उघडत नाही. दोन सिमच्या फोनमध्येही चालू कॉल एका सिमवरून दुसऱ्यावर जात नाही. डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते, पण ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते.

याला दोन अपवाद आहेत. १७ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारने डिजिटल भारत निधीतून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल आणि जियोच्या ग्राहकांना एकमेकांचं नेटवर्क वापरू देण्याची सोय सुरू केली. पण ती दुर्गम गावांसाठी आहे, आपल्या औद्योगिक पट्ट्यासाठी नाही. दुसरा अपवाद आपल्या सगळ्यांच्या कामाचा. स्वतःच्या कंपनीची रेंज नसताना स्क्रीनवर "फक्त आपत्कालीन कॉल" दिसतं, तेव्हा ११२ लावता येतो. हा कॉल मिळेल त्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. पोलीस, आग आणि रुग्णवाहिका, तिन्ही मदती ११२ वर मागता येतात. घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना हा नंबर तोंडपाठ हवा.

कायदा काय म्हणतो?

लागलेल्या शंभर कॉलपैकी दोनपेक्षा जास्त मधेच तुटू नयेत, असा ट्रायचा दंडक आहे. ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार कुठे कुठलं नेटवर्क मिळतं याचा नकाशा कंपन्यांना वेबसाइटवर दाखवावा लागतो. अडचण अशी की हा हिशोब मोठ्या प्रदेशाच्या सरासरीवर होतो. सरासरी चांगली आली तरी एखाद्या फाट्यावर रोज कॉल तुटत राहू शकतो.

कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये द्यायचे, असा नियम ट्रायने १ जानेवारी २०१६ पासून केला होता. कंपन्या कोर्टात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कोर्टाने टेलिकॉम ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येतं, हे स्पष्ट केलं.

तक्रार कशी करायची? १९८ वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. "रेंज नाही" एवढंच सांगू नका. जागा, वेळ, दिवस आणि कॉल चालू बसमध्ये तुटला की एका जागी उभं असताना, हे सांगा. मोशीजवळ रोज त्याच वळणावर तुटत असेल तर ती दोन टॉवरांमधल्या हँडओव्हरची खूण आहे आणि कंपनीचा इंजिनिअर ती सुधारू शकतो. एकाच बसमधल्या दहा जणांनी तीच जागा सांगून तक्रार केली तर तिला वजन येतं. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. तरीही फरक पडत नसेल तर १९०० वर मेसेज करून नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येतो. त्यासाठी चालू कंपनीत ९० दिवस झालेले हवेत.

घरात आजच करायची चार कामं

पहिलं, घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या. नवराबायको दोघांचं एकाच कंपनीचं असेल तर टॉवर बंद पडला की दोघेही एकदम गायब.

दुसरं, सगळ्यांच्या फोनमध्ये ४जी कॉलिंग आणि वायफाय कॉलिंग चालू आहे का बघा. वडीलधाऱ्यांचे फोन तरुण मुलांनी तपासून द्यावेत.

तिसरं, अनेक कंपन्यांमध्ये शॉपफ्लोअरवर फोन नेऊ देत नाहीत. कंपनीच्या टाइम ऑफिसचा किंवा गेटवरच्या सिक्युरिटीचा नंबर घरच्यांकडे लिहून ठेवा. शिफ्टमध्ये असताना तोच तुमचा फोन.

चौथं, तातडीच्या वेळी कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस टाका. कॉलला अखंड जोडणी लागते. एसएमएसला काही क्षण पुरतात, आणि समोरचा रेंजमध्ये आला की तो पोचतो. "दुखायला लागलंय, वायसीएमला निघालोय" एवढे शब्द पुरेत.

बसमधला तो तरुण मोशीच्या पुढे गेल्यावर फोन परत लागतोच, बहुतेक वेळा घरी सगळं ठीकही असतं, अल्हम्दुलिल्लाह. पण ज्या रात्री ठीक नसेल त्या रात्रीसाठी शेजारच्या घरचा नंबर, रिक्षावाल्याचा नंबर आणि वेगळ्या कंपनीचं सिम आधीच तयार असायला हवं. ही तयारी आज जेवणानंतर दहा मिनिटांत होते.